मणक्याच्या चकतीत खरंच जंतू असतात का? अँटिबायोटिकने कंबरदुखी जाते का?
जंतू सापडतात, हे खरं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या चकतीच्या तुकड्यांत बऱ्याचदा 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' मिळतो, तोच तो मुरुमांवाला. त्याला प्राणवायू फारसा लागत नाही आणि चकतीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, म्हणजे बस्तान बसवायला जागा झकास. पण गोम अशी की हा जंतू आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतोच. मग चिरा देतानाच तो नमुन्यात शिरला नसेल कशावरून? यावर तज्ज्ञांचं अजून जमलेलं नाही.

औषधाचं म्हणाल तर २०१३ मध्ये डेन्मार्कच्या हॅने अल्बर्ट यांच्या चमूने एमआरआयमध्ये 'मोडिक टाइप १' (चकतीलगतच्या हाडातली सूज) दिसलेल्या १६२ रुग्णांवर चाचणी केली. १०० दिवस अँटिबायोटिक घेतलेल्यांचं दुखणं बरंच कमी झालं, आणि केवढा गाजावाजा झाला! मग नॉर्वेत १८० जणांवर तीन महिने अमॉक्सिसिलिन वापरून पाहिलं. २०१९ च्या निकालात औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सांगण्यासारखा फरक नव्हता.

तेव्हा एमआरआयच्या रिपोर्टात 'मोडिक टाइप १' दिसलं म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. कंबरदुखीबरोबर ताप असेल, रात्रभर ठणकत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. चकतीचा खराखुरा संसर्ग वेगळा असतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतंच.