९ एमएम पिस्तुलात ११५ ग्रेनऐवजी १४७ ग्रेनची गोळी वापरली तर नेम सुधारतो का?

ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक. वजनामुळे नेम आपोआप सुधारत नाही, पण गोळी लागण्याची जागा बदलते. जड गोळी हळू सुटते, त्यामुळे नळीत किंचित जास्त वेळ राहते. तेवढ्या वेळात धक्क्याने नळीचं तोंड वर उचललेलं असतं. म्हणून जवळच्या अंतरावर जड गोळी बहुधा थोडी वर लागते. ऐकायला उलटं वाटतं, मलाही वाटलं होतं! ज्याची साइट (नेम धरायची खूण) हलवून जुळवता येत नाही अशा पिस्तुलात हा फरक लगेच दिसतो.

पाच गोळ्या किती जवळजवळ पडतात, हा प्रश्न वेगळा. ते त्या विशिष्ट नळीला कोणतं काडतूस मानवतं आणि प्रत्येक काडतुसाचा वेग किती सारखा आहे, यावर ठरतं. १४७ ग्रेन म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम; ही गोळी सहसा ध्वनीच्या वेगाखालीच राहते आणि पुष्कळांना तिचा धक्का मऊ वाटतो. दुसरा नेम लवकर धरता येतो तो त्यामुळे.

११५, १२४ आणि १४७ ग्रेनची एकेक पेटी घ्या, पिस्तूल टेकवून २५ मीटरवर झाडून बघा. हातात धरून तुलना केलीत तर बहुतेक वेळा ट्रिगर ओढण्यातली चूकच मोजली जाते.