नोकरी सोडून रस्त्यावर बसून स्केच काढून घर चालतं का? (संभाजीनगर)

प्रश्न विचारणाऱ्या भावानं लिहिलंय की वाळूजला एका कंपनीच्या ऑफिसात आहे, पगार 22 हजार, हात चांगला चालतो, तर नोकरी सोडून रस्त्यावर बसून लोकांचे चेहरे काढले तर भागेल का, आणि घरचे म्हणायलेत याचं डोकं फिरलं.

भागतं. माझं भागायलंय. पण रस्त्यावर बसून जे हातात पडतं त्याच्यावर नाही भागत. मी पण आधी कंपनीतच होतो, परचेसला म्हणजे खरेदी खात्यात, दिवसभर कोटेशन मागवा आणि गाडी कुठवर आली विचारा, त्यामुळं तुमची तगमग कळते.

हिशोब असा आहे बघा. समोर बसवून पंधरा-वीस मिनिटांचा चारकोल चेहरा मी 200 ला काढतो. कॅनॉटच्या बाजारात किंवा सिद्धार्थ गार्डनच्या बाहेर रविवारी सहा-सात होतात, मधल्या वारी एखादा झाला तर झाला, आणि पावसाळ्यात कित्येक संध्याकाळी खुर्ची उघडून परत घडी घालायची. एप्रिल-मे मध्ये तर ऊन उतरल्याशिवाय माणूसच बाहेर पडत नाही. याच्यावर किराणा सुद्धा निघणार नाही. रस्ता ही दुकानाची पाटी समजा, गल्ला दुसरीकडं आहे. पाठीमागं जे दहा-बारा जण उभे राहून बघतात ना, "हमारा बी निकालो भाई" म्हणून नुसतीच मजा घेतात, त्यातलाच एखादा नंबर घेऊन जातो आणि आठवड्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतो. खरी कमाई ती.

आणि ते फोटो बहुतेक गेलेल्या माणसांचे असतात, हे मला नोकरीत असताना कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. आपल्याकडं खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा धड एक फोटो नसतो, असतो तो आधार कार्डावरचा. फुलंब्रीकडचा एक जण आला, शर्टाच्या खिशातून लॅमिनेशन केलेलं आधार काढलं, त्याच्या आईचं. फोटो धुरकट, पदराची कड कापलेली, एक कान गायब, कपाळावरचं गोंदण नुसता ठिपका दिसायला. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायचा म्हणे, आणि "माय जरा हसती काढा, ह्याच्यात भेदरल्यावानी दिसती." आता न बघितलेल्या बाईला हसवायचं कसं? मी त्याच्या बहिणीचा फोटो मागवून घेतला, हसल्यावर तिच्या गालाला जी घडी पडत होती ती वापरली, दात नाही दाखवले. असं काम फ्रेमसहित दीड-दोन हजारांना जातं आणि भावकीतला दुसरा लगेच ऑर्डर देतो. तुम्ही कितीही भारी अ‍ॅबस्ट्रॅक्ट काढत असाल तरी फोटोवरून चेहरा मोठा करता येणं हे पहिलं शिका.

दुसरी कमाई भिंतींची, म्हणजे शाळा, अंगणवाडी, हॉटेलं. पैसे बरे पण सरकारी बिल मार्चच्या आधी निघालं तर नशीब, म्हणून रंगाचे पैसे अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय ब्रश ओला करू नका.

सीझन शेताकडं बघून ठरवा. सोयाबीन निघून आडतीवर गेलं की दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत लोकांचा खिसा सैल असतो, आणि ज्या वर्षी परतीच्या पावसानं सोयाबीन झोपवलं त्या वर्षी शहरात बसून सुद्धा कळतं. महिन्याचा हिशोब डोक्यातून काढून टाका, वर्षाचा धरा.

जागांचं. बीबी का मकबरा काय, वेरूळ काय, तिकिटाच्या आत पुरातत्त्व खात्याच्या लायसनशिवाय काहीच विकता येत नाही, त्यामुळं बाहेरच बसायचं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद, पण घृष्णेश्वराची गर्दी मंगळवारी पण असते. तरी देवाच्या गर्दीवर फार भरवसा ठेवू नका, रांगेतून सुटलेला माणूस एसटी गाठायच्या घाईत असतो, तो वीस मिनिटं बसणार नाही. जत्रेत बसायचं तर आकाशपाळण्याच्या बाजूला, तिथं लेकरंवाली फॅमिली रेंगाळते.

समोर डबा ठेवू नका, रेटची पाटी ठेवा. आपल्याकडं 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, त्यात गाणं, नाच, खेळ करून दाखवायच्या निमित्तानं रस्त्यावर लोकांकडून दान घेणं हे पण भीक मागण्यातच धरलंय. पाटी असली की तुम्ही सेवा देणारे झाले, आणि 2014 च्या पथविक्रेता कायद्यात वस्तू विकणाऱ्यासोबत सेवा देणारा पण बसतो. मनपाच्या पथविक्रेत्यांच्या सर्व्हेत नाव लावून घ्या. त्यानं हवालदार उठवणारच नाही असं नाही, पण बोलायला तोंड राहतं.

सामानाला फार खर्च नाही. चारकोल पेन्सिली, आयव्हरी शीट म्हणजे जाड गुळगुळीत कागद, चारकोल पुसू नये म्हणून फिक्सेटिव्हचा स्प्रे, दोन घडीच्या खुर्च्या. हाताखाली सुती रुमाल ठेवा नाहीतर घामानं गालाचं शेडिंग मनगटाला येतं. रात्री बॅटरीचा एलईडी एका बाजूनं लावा, डोक्यावरच्या लाइटखाली बसवलं की माणसाच्या डोळ्यांच्या खोबणी होतात आणि गिऱ्हाईक म्हणतं हा मी नाहीच. मिशी आहे त्यापेक्षा जराशी जाड, हनुवटी आहे त्यापेक्षा एक कमी. कलेशी बेइमानी वगैरे म्हणणारे म्हणोत, मला पटतं.

राजीनाम्याची तारीख नीट बघा. पाच वर्षं भरायला थोडे महिने राहिले असतील तर दात-ओठ खाऊन काढा, ग्रॅच्युइटी त्याच्यावर अडते, आणि पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्याच्यावर टॅक्स लागतो. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा दवाखान्याचा विमा, असेल तर तो पण बंद होणार, घरात कुणाला शुगर-बीपी असेल तर औषधाचा खर्च आधीच धरा.

घरच्यांचं म्हणाल तर तुमचं लग्न झालंय का नाही ते लिहिलं नाही तुम्ही. झालं नसेल तर अवघड आहे, स्पष्टच सांगतो. आपल्या भागात पोरगी बघायला गेलं की पहिला प्रश्न कंपनी कोणती, दुसरा पर्मनंट का. माझी बायको शाळेवर आहे, महिन्याला एक ठरलेली रक्कम घरात येते म्हणून माझी ऐट. वडील अजून गावात सांगतात पोरगा कंपनीत आहे, मी काही बोलत नाही.

लगेच सोडू नका. कंपनीला सुट्टी कोणत्या वारी असते ते बघून आधी सुट्टीच्या दिवशी बसायला लागा, ओळखीचे भेटले की तोंड लपवावंसं वाटतंय का ते पण कळेल. या नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेत बसून बघा, फक्त जागेचं घटस्थापनेच्या आधीच बोलून ठेवा, एकदा पाळणेवाले आणि रसवंतीवाले मांडून बसले की खुर्ची ठेवायला पण कुणी सरकत नाही.