जर्मनीतल्या आयुष्याबद्दल आपल्याकडे कोणते गैरसमज आहेत?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलमध्ये बी.ई. झालंय, पुढच्या वर्षी एम.एस.साठी जर्मनीला जायचं चाललंय आणि घरीदारी तीन गोष्टी ऐकायला मिळतात: तिथे शिक्षण फुकट आहे, इंग्रजीवर भागतं आणि तिथे कोणी कुणाचं नसतं. यातलं शेवटचं आई म्हणते, असंही लिहिलंय. माझी आईसुद्धा अगदी हेच म्हणाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी सांगलीची. 2015 मध्ये स्टुटगार्टला शिकायला आले, पुढे इथेच नोकरी लागली आणि राहिले.

आधी पैशांचं बोलू. सरकारी विद्यापीठात फी नसते हे बहुतेक ठिकाणी खरं आहे. पण जर्मनीत शिक्षण हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे, त्यामुळे सगळ्या देशाला एकच नियम लावता येत नाही. स्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, हायडेलबर्ग ही शहरं ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत, तिथे 2017 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला 1,500 युरो फी लागू झाली. मी दोन वर्षं आधी आले म्हणून वाचले. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी एम.एस.ला सत्रामागे 4,000 ते 6,000 युरो फी सुरू केली. तेव्हा 'जर्मनीत फी किती' असं न विचारता 'या विद्यापीठात, या कोर्सला फी किती' असं विचारा आणि उत्तर विद्यापीठाच्याच संकेतस्थळावर शोधा, एजंटकडे नको.

शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावी लागते. माझ्या वेळी ती आठ हजार युरोच्या आसपास होती, सप्टेंबर 2024 पासून 11,904 युरो झाली. पैसे तुमचेच असतात, महिन्याला 992 युरो या हिशेबाने तुम्हाला परत मिळतात. पण ते एकरकमी उभे करावे लागतात, आणि 'फुकट शिक्षण' ऐकून निश्चिंत झालेल्या घरात ही गोष्ट शेवटच्या दोन महिन्यांत कळते. माझ्या बाबांनी तेव्हा मुदत ठेव मोडली. हे आधी माहीत असतं तर निदान व्याज बुडालं नसतं.

नोकरी लागल्यावरचा गैरसमज यापेक्षा मोठा आहे. ऑफर लेटरवर 50,000 युरो दिसले की आपल्याकडे लगेच शंभराने गुणून पन्नास लाख म्हणतात. तो आकडा वर्षाचा आणि कपातीच्या आधीचा असतो. आयकर, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा, वृद्धापकाळातल्या शुश्रूषेचा विमा हे सगळं वजा होऊन एकट्या माणसाच्या हातात महिन्याला साधारण 2,600 ते 2,700 युरो येतात. त्यातून घरभाडं. घर घेताना तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट मागता येतं आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते, पण ओटा, सिंक, शेगडी, कपाटं काहीच नाही, जुना भाडेकरू सगळं उचकटून घेऊन गेलेला. छताला दिव्याऐवजी दोन वायरी लोंबत असतात. माझ्या पहिल्या स्वतंत्र घरात मी तीन आठवडे इलेक्ट्रिकच्या एका छोट्या शेगडीवर स्वयंपाक केला आणि भांडी बाथरूममध्ये घासली.

तरी ही कपात म्हणजे लूट आहे असं मी म्हणणार नाही. आजारी पडलात तर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. त्या पैशांचा मोबदला मी स्वतः घेतला आहे. फक्त गुणाकार करून स्वप्नं बघू नका आणि त्याच्या भरवशावर भावाला-बहिणीला शब्द देऊ नका.

आता भाषा. कोर्स इंग्रजीत असतो, प्राध्यापक इंग्रजीत बोलतात, वर्गात निम्मे भारतीय असतात, त्यामुळे पहिलं वर्ष खरंच इंग्रजीवर निघतं. गैरसमज तिथेच पक्का होतो. पण इथलं आयुष्य पत्रांवर चालतं. कागदाची, पाकिटात घालून टपालाने येणारी पत्रं. बँक, विमा, करखातं, परदेशी नागरिकांचं कार्यालय, घरमालक, सगळे पत्र लिहितात, जर्मनमध्ये, आणि उत्तराची तारीख देऊन. आपल्याकडे भाजीवाली क्यूआर कोड लावून बसते. इथे मात्र बेकरीत 'फक्त रोख' अशी पाटी मला अजून दिसते. जर्मनी म्हणजे सगळं यांत्रिक आणि डिजिटल, हे चित्र कारखान्याच्या आतलं आहे. कारखान्याबाहेर कागद आहे.

आणि पत्र पोहोचण्यासाठी एक गोष्ट लागते, जी मला कोणीच सांगितली नव्हती. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं आडनाव, बस. पत्रपेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. माझं विम्याचं कार्ड दोनदा परत गेलं. मी महिनाभर फोन करत राहिले, पलीकडचा माणूस शांतपणे सांगत राहिला की कार्ड पाठवलंय. शेवटी वसतिगृहातल्या एका इराणी मुलीने मला खाली नेऊन पेटी दाखवली. त्यावर आधीच्या मुलाचं नाव होतं.

नोकरीच्या वेळी भाषा आणखी महत्त्वाची ठरते. 'जर्मनीला इंजिनिअर हवेत' हे वाक्य पुण्यात रोज ऐकू येतं. पण गेल्या काही वर्षांत वाहन उद्योगात माणसं कमी केली जात आहेत आणि स्टुटगार्टच्या आसपास त्याची झळ सगळ्यांना जाणवते. पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचा परवाना मिळतो. ते दिवस बी-1, म्हणजे मधल्या पातळीच्या जर्मनवाल्याला पुरतात, फक्त इंग्रजीवाल्याला भराभर संपताना मी पाहिले आहेत. तुम्ही पुण्यात असाल तर जर्मन शिकायची तुमच्याइतकी सोय फार कमी जणांना आहे. रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्सम्यूलर भवन आहे. इथे आल्यावर शिकू असं म्हणू नका, अभ्यास आणि काम सांभाळून ते होत नाही.

बाकी लहानसहान गैरसमज भरपूर आहेत. बर्फाचं म्हणाल तर स्टुटगार्टमध्ये वर्षातले थोडेच दिवस टिकतो. त्रास थंडीपेक्षा अंधाराचा होतो, कारण डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि दिवसाही आभाळ करडंच असतं. शाकाहारी माणूस उपाशी मरतो हे तर अगदीच खोटं. मसूर हा इथला घरगुती पदार्थ आहे, नवलकोल बाजारात ढिगाने मिळतो आणि क्वार्क नावाचा जो प्रकार मिळतो तो आपल्या चक्क्याच्या इतका जवळचा आहे की इथल्या प्रत्येक मराठी घरात त्याचंच श्रीखंड होतं. गाड्या मिनिटाबरहुकूम धावतात हाही जुना समज. 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण 62 टक्केच वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर 'वेळेवर' धरून.

आता तुमच्या आईंचं वाक्य. यावर मला सर्वात जास्त बोलायचं आहे.

स्टुटगार्टच्या भागात, म्हणजे श्वाबेन प्रांतात, इमारतीचा जिना आणि दारासमोरचा रस्ता भाडेकरूंनी आळीपाळीने झाडायचा असतो. त्याला केरवोखे म्हणतात. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर... हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आमचं सांगलीचं अंगण आठवलं. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक छोटी पाटी अडकवलेली असते. पाळी संपली की ती शेजाऱ्याच्या दाराला लावायची.

माझ्या समोरच्या घरात एक आजी राहतात, आता ऐंशीच्या पुढच्या. मी राहायला आले त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी बेल वाजवून सांगितलं की पायऱ्या पुसताना कोपरे राहिलेत. नंतर एका रविवारी मी व्हॅक्यूम क्लीनर लावला तर पुन्हा बेल. रविवारी आवाज नको. मला रडू आलं. आईला फोन करून म्हटलं, तू म्हणत होतीस ते खरं आहे, इथे शेजारी फक्त चुका काढायला दार वाजवतात. त्या मला आडनावाने हाक मारायच्या आणि 'तुम्ही' म्हणायच्या. एवढी मोठी बाई मला अहो-जाहो करते याचा अर्थ मी दुरावा असाच लावला.

पाच वर्षांपूर्वी बाबांना अचानक दवाखान्यात भरती केलं. रात्री फोन आला, पहाटेचं विमान. मी आजींच्या दाराशी जाऊन किल्ली दिली आणि सांगितलं की वडील आजारी आहेत, कधी परत येईन माहीत नाही, पत्रं काढून ठेवाल का? ओळख झाल्यापासून मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागत होते. त्यांनी एकच विचारलं, स्टेशनवर कशी जाणार? आणि पायात बूट घालून, पहाटे साडेतीनला, माझी छोटी बॅग ओढत टॅक्सीपर्यंत आल्या.

मी चार आठवड्यांनी परतले. बाबा गेले होते. दार उघडलं तर टेबलावर पत्रांचे दोन गठ्ठे. एकावर चिठ्ठी, 'थांबू शकतात', दुसऱ्यावर 'तारीख आहे, आधी उघडा'. पाकिटं फोडलेली नव्हती, नुसती बाहेरची नावं बघून त्यांनी लावली होती. घरात शिळा वास नव्हता, कारण त्या रोज येऊन खिडक्या उघडत होत्या. इथे हिवाळ्यातही दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडाव्या लागतात, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. त्या चार आठवड्यांतल्या माझ्या दोन पाळ्याही त्यांनीच केल्या होत्या, गुडघे दुखत असताना, पाच मजल्यांच्या इमारतीत आमच्या मजल्याचा जिना पुसून. मी रडत आभार मानायला लागले तर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, आता मला 'तू' म्हण. इथे हे मोठ्या माणसाने म्हणायचं असतं, लहानाने नाही. तोपर्यंत त्यांनी मला जो मान दिला होता, त्याला मी परकेपणा समजत होते.

तर आईंना एवढं सांगा, की इथे न विचारता कोणी तुमच्या घरात शिरत नाही. आपल्याकडे शेजारी न विचारता डबा घेऊन येतात, आणि ते सुख मला आजही आठवतं, विशेषतः दिवाळीत. इथे मागावं लागतं. आपल्या मुलांना मागायची लाज वाटते. ती वसतिगृहाच्या खोलीत एकटी बसतात आणि 'लोक थंड आहेत' असं घरी सांगतात. मीही पाच वर्षं तेच केलं आणि त्या पाच वर्षांत माझ्या दारापासून सहा पावलांवर त्या बाई राहत होत्या.

बाबांच्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा कामावर गेले तो सोमवार. सकाळी दार उघडलं तर माझ्या दाराला केरवोखेची पाटी लावलेली होती, माझी पाळी होती. संध्याकाळी मी जिना पुसला, कोपऱ्यांसकट. वरून आवाज आला की बादली ठेव आणि चहाला ये.

तुम्ही कोणत्या शहरात जाताय ते लिहिलेलं नाही. स्टुटगार्टच्या आसपास येणार असाल तर खाली कळवा, वसतिगृहासाठी अर्ज कधी करायचा ते सांगते. आणि खोली ताब्यात आली की सामान उघडायच्या आधी पत्रपेटीवर आडनाव लावा, पासपोर्टवर आहे तसंच.