नवशिक्याने शिकारीच्या रायफलची देखभाल कशी करावी?

मिनेसोटात नोव्हेंबरातील हरणाच्या हंगामासाठी आपण जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन (बोल्ट म्हणजे दांडा हाताने मागे-पुढे करून काडतूस भरायची) रायफल घेतली आहे आणि ती किती व कशी साफ करावी, असे विचारले आहे. माझ्या मते नवशिक्याच्या हाती रायफल खराब होते ती गोळ्या झाडून नव्हे, तर चुकीच्या घासण्याने आणि ओलाव्याने.

प्रथम मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे, बोल्ट मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. यात कधीही सूट घेऊ नये.

त्यानंतर बोल्ट पूर्ण बाहेर काढून सफाईचा गज (लांब सळई) नळीत चेंबरच्या बाजूनेच घालावा. नळीच्या तोंडाची कड ही गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श होतो ती जागा; गज घासून ती एका बाजूने झिजली, की गोळीमागचा वायू असमान निसटतो आणि नेम बिघडतो. सॉल्व्हंटने (मळ विरघळवणाऱ्या द्रवाने) भिजवलेली चिंधी फिरवून काही मिनिटे थांबावे, मग ब्राँझचा ब्रश आणि शेवटी कोरड्या चिंध्या घालाव्यात. काळी चिंधी म्हणजे बंदुकीच्या दारूची काजळी आणि निळसर-हिरवी छटा म्हणजे गोळीच्या आवरणातील तांबे. मात्र तांबे विरघळवणारे सॉल्व्हंट ब्राँझच्या ब्रशला लागले, तर ब्रशमधलेच तांबे चिंधीवर उतरते आणि स्वच्छ झालेली नळीही माणूस उगाच घासत बसतो.

कडाक्याच्या थंडीतून रायफल उबदार घरात आणली, की गार धातूवर पाणी धरते. म्हणून ती बंद पिशवीतच खोलीइतकी उबदार होऊ द्यावी, मग पुसून, बोल्ट काढून कोरडी करावी आणि तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. जाड तेल थंडीत घट्ट होऊन फायरिंग पिनचा (काडतुसावर आदळून ते पेटवणाऱ्या खिळ्याचा) वेग मारते आणि काडतूस उडतच नाही. चापाच्या यंत्रणेत तेल फवारू नये.

शिकारीला निघण्यापूर्वी नळीतील तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावे, कारण तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाऊ शकते आणि जखमी हरीण रानात तडफडत राहणे ही शिकाऱ्यासाठी सर्वांत वाईट गोष्ट आहे. सफाईनंतर रेंजवर दोन-चार गोळ्या झाडून नेम तपासावा. त्याआधी दुर्बिणीच्या पकडीचे स्क्रू सैल नाहीत ना, हेही पाहावे.

जुन्या रायफलीबरोबर जुनी लष्करी काडतुसे मिळाली असतील, तर त्यांच्या प्रायमरमधील (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागातील) क्षार नळीत राहून गंज चढवतात. ते तेलाने निघत नाहीत. त्यासाठी त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच तेल लावावे.