डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचं सील बदलताना
भाऊ, कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा दट्ट्या, पक्कडीने ओढू नका. ओरखडा पडला की नवं सीलही गळणार. समोर लाकडी फळी धरून ब्रेक ऑइलच्या नळीच्या (होजच्या) भोकातून कॉम्प्रेसरची हवा थोडी थोडी सोडा. बोटं लांब, पिस्टन गोळीसारखा सुटतो.

खरी मेहनत सीलच्या खाचेत. ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे खेचतं ते हेच चौकोनी कापाचं रबरी सील. खाचेतल्या गंजाने ते वर उचललं गेलं की पिस्टन अडकतो, चाक तापतं. लाकडी काडीने खरवडा, स्क्रू ड्रायव्हर नको. सीलला पेट्रोल, साधं ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं. ताजं ब्रेक ऑइलच लावा. होजच्या जोडाचे तांब्याचे वॉशर नवेच.

डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल शोषली की १५५पर्यंत घसरतं. जळगावच्या पावसाळ्यात उघडलेला, अर्धा उरलेला डबा? फेकाच.