रिकाम्या रकान्याविषयी: संसदीय अभ्यास आरंभणाऱ्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता मी दोनदा वाचला. कोकणातील राजापूरचे समाजवादी खासदार प्रा. मधु दंडवते यांच्या लोकसभेतील कारकिर्दीवर प्रबंध लिहिण्याचे तू ठरवलेस आणि आरंभीच त्यांची उपस्थिती, त्यांनी विचारलेले प्रश्न, बदललेले पक्ष आणि केलेले मतदान असे चार रकाने आखून घेतलेस, ही शिस्त मला आवडली. तथापि चौथा रकाना जवळजवळ रिकामा राहिला म्हणून तू हिरमुसली आहेस आणि विषय बदलू का, असे विचारतेस. विषय बदलू नकोस. तो रकाना रिकामा का राहिला हे आधी समजून घे. माझ्या मते तुझ्या प्रबंधाचे पहिले प्रकरण तेच आहे.

आपल्या लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, अनुकूल सदस्य ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल सदस्य ‘नाही’ म्हणतात, अध्यक्ष कानाने अंदाज घेऊन कौल सांगतात, आणि कोणी हरकत घेतली नाही तर विधेयक पुढे सरकते. त्या गजरात कोणी काय म्हटले याची नोंद कोठेही राहत नाही. हरकत घेतली गेली तरच मतविभाजन होते. मग लॉबी, म्हणजे सभागृहालगतची दालने, मोकळी करण्याचा आदेश सुटतो, साडेतीन मिनिटे घंटा वाजते, दारे बंद होतात आणि प्रत्येकाच्या नावावर त्याचे मत चढते. घटनादुरुस्तीला मात्र एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश असे दुहेरी बहुमत लागते, त्यामुळे तेथे मोजणीवाचून गत्यंतर नसते. म्हणजे नावानिशी मते सापडतात ती घटनादुरुस्तीची, अविश्वासाची किंवा विरोधकांनी हट्टाने मागून घेतलेल्या मोजणीची. यात आजही फारसा फरक पडलेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत शेतीविषयक विधेयके मतविभाजनाची मागणी होत असतानाही आवाजी मतदानाने संमत झाली, आणि तेथे कोणत्या खासदाराने काय केले हे तुला कोणत्याही यादीत मिळणार नाही. उलट सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली तेव्हा ती दोन मते कोणाची, आणि त्यांतील एक औरंगाबादच्या खासदारांचे होते, हे कायमचे नोंदले गेले.

जेथे यादी आहे तेथेही ती जपून वाचावी लागते. छापील कार्यवृत्तात मतविभाजनाच्या दोन याद्या येतात, नावे आडनावाच्या क्रमाने लागतात आणि आकड्यांशेजारी एखादे बारीक चिन्ह असते. ते चिन्ह पानाच्या तळाशी घेऊन जाते, आणि तेथे अमुक सदस्याने चुकून विरुद्ध बाजूचे बटण दाबले किंवा यंत्र चालले नाही म्हणून अमुक सदस्यांनी चिठ्ठीवर मत नोंदवले, असे लिहिलेले असते. मी पत्रकारितेतील उमेदवारीच्या काळात एका खासदाराने स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिल्याचे मोठ्या उत्साहाने छापले होते. यादीत नाव होते, पण तळटीप पुढच्या पानावर गेली होती आणि मी पान उलटलेच नव्हते. त्या गृहस्थांचे एक पोस्टकार्ड आले. त्यावर खंड, स्तंभ आणि पृष्ठ यांचे क्रमांक होते, दुसरा एक शब्दही नव्हता. तेव्हापासून यादीनंतरचे पान वाचल्याशिवाय मी कोणाचेही मत लिहीत नाही, आणि तूही लिहू नयेस.

तुझ्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. सातव्या लोकसभेत दंडवते दोन होते. राजापूरहून प्रा. मधु दंडवते आणि मुंबईहून श्रीमती प्रमिला दंडवते, असे पती-पत्नी १९८० मध्ये एकाच सभागृहात निवडून आले. संगणकात केवळ आडनाव घालून शोध घेशील तर तिचे प्रश्न त्याच्या खात्यात आणि त्याची भाषणे तिच्या खात्यात जातील. तुझ्या तक्त्यात १९८० ते १९८४ या वर्षांतील हुंडाविषयक प्रश्न प्राध्यापकांच्या नावावर एकाएकी वाढलेले दिसतात, ते मला याच कारणाने खटकले. एकेक नोंद पुन्हा ताडून पाहा.

आता उपस्थितीच्या रकान्याकडे वळतो, कारण तेथे तू अनवधानाने त्यांच्यावर अन्याय केला आहेस. १९७५च्या पावसाळी अधिवेशनापुढे तू ‘गैरहजर’ असे लिहून लाल रंग भरला आहेस. २६ जून १९७५ रोजी दंडवते बंगळूरमध्ये होते. संसदेच्या संयुक्त समितीची बैठक तेथे होती, आणि ती समिती पक्षांतराला आळा घालण्याच्या विधेयकाचा विचार करत होती. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र हेही त्याच कामासाठी तेथे आलेले होते. आणीबाणी पुकारली गेली आणि या चौघांना तेथेच अटक होऊन बंगळूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी ३९वी घटनादुरुस्ती ७ ऑगस्ट १९७५ रोजी लोकसभेने संमत केली, तेव्हा राजापूरचा प्रतिनिधी तुरुंगात होता. त्या मतविभाजनाच्या यादीत त्यांचे नाव नाही, आणि माझ्या दृष्टीने त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीतील सर्वांत बोलकी नोंद ही नसलेली नोंदच आहे. घटनेच्या अनुच्छेद १०१ प्रमाणे सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा रिक्त घोषित करता येते, म्हणून रजेच्या अर्जांचाही उल्लेख कार्यवृत्तात येतो; त्या काळातील ते उल्लेख अवश्य शोध. लाल रंग पुसून तेथे कारण लिही.

पक्षबदलाच्या रकान्यात तू तीन असा आकडा घातला आहेस. हिशेब बरोबर आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. १९७१ मध्ये ते प्रजा समाजवादी पक्षातर्फे निवडून आले, त्याच वर्षी तो पक्ष समाजवादी पक्षात विलीन झाला, १९७७ मध्ये जनता पक्ष उभा राहिला आणि १९८८ मध्ये जनता दल. पाट्या बदलत गेल्या. माणूस ज्या घरात होता त्याच घरात राहिला. उलट १९७९ मध्ये जनता पक्ष फुटला तेव्हा मधु लिमये आणि जॉर्ज फर्नांडिस हे त्यांचे समाजवादी सहकारी दुसऱ्या बाजूला गेले आणि दंडवते मूळ पक्षातच थांबले. ज्या निर्णयासाठी सर्वाधिक धैर्य लागले त्याची तुझ्या रकान्यात शून्य अशी नोंद होते. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात फर्नांडिस यांनी अविश्वास ठरावाच्या चर्चेत जनता सरकारचा जोरदार बचाव केला आणि लगेच राजीनामा दिला. पुढे १५ जुलै १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीही राजीनामा दिला आणि त्या ठरावावर मतदान झालेच नाही. सहाव्या लोकसभेतील सर्वांत मोठा राजकीय प्रसंग अशा रीतीने एकाही मताविना पार पडला, हे ध्यानात ठेवशील तर केवळ मते मोजून त्या सभागृहाचा इतिहास लिहिता येणार नाही हे तुला पटेल.

पक्षांतरबंदीचा कायदा अखेर १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने आला. त्यापूर्वी यशवंतराव चव्हाण गृहमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाचा विचार करून १९६९ मध्ये अहवाल दिला होता, तोही वाच. या कायद्यामुळे तुझ्या अभ्यासाचे दोन तुकडे पडतात, आणि ते तू पाडलेले नाहीस. १९८५ पूर्वी पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसे द्यावे याचा पक्षादेश, मोडणाऱ्याला पक्ष फार तर काढून टाकू शकत होता. १९८५ नंतर पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही तर खासदारकीच जाऊ शकते. त्यामुळे १९७३ मधील मत आणि १९८७ मधील मत हे एकाच मापाने मोजता येत नाहीत. पहिल्यात माणसाचा वाटा मोठा आहे, दुसऱ्यात तो आदेश काढणाऱ्या प्रतोदाचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हा कायदा उचलून धरला, मात्र सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूलभूत धोरणाशी निगडित अशा मतदानापुरताच व्हिपचा हा जाच असावा, असे म्हटले. व्यवहारात पक्ष ऊठसूट व्हिप काढतात. मला हा कायदा खासदाराला पक्षाच्या कार्यालयातील कारकून बनवणारा वाटतो, पण हे माझे मत आहे. ते तुझ्या प्रबंधात येण्याचे कारण नाही.

मग खासदार ओळखावा कशावरून? मतापूर्वी तो कोठे उभा होता यावरून. त्याने दिलेल्या दुरुस्त्या, समित्यांच्या अहवालांना जोडलेली भिन्नमतपत्रिका, उपप्रश्न, आणि शुक्रवारी दुपारी अर्ध्या रिकाम्या सभागृहात मांडलेली अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची, विधेयके, ही खरी जागा आहे. राजापूर मतदारसंघातच याचे उत्तम उदाहरण तुला मिळेल. दंडवत्यांच्या आधी १९५७ पासून तेथे बॅरिस्टर नाथ पै होते. संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येत नाही असे ठरवणाऱ्या गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, मूलभूत हक्कांसह घटनेत बदल करण्याचा संसदेचा अधिकार पुनःस्थापित करणारे विधेयक त्यांनी १९६७ मध्ये मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झाला, आणि ते संमत झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै बेळगावला वारले, आणि त्याच वर्षी सरकारने २४व्या घटनादुरुस्तीने जवळजवळ तीच गोष्ट केली. मतांच्या तक्त्यात नाथ पै यांच्या या चार वर्षांच्या खटपटीला एक ओळही मिळत नाही. १९७० नंतर आजवर एकही अशासकीय विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालेले नाही, म्हणून ‘संमत विधेयके’ असा रकाना करशील तर तो सर्वांच्याच नावापुढे कोराच राहील.

मंत्रिपदाची वर्षे वेगळी काढ. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो. उपस्थितीच्या नोंदवहीतही सही करत नाही. म्हणून १९७७ ते १९७९ आणि १९८९-९० या काळात दंडवत्यांचे प्रश्न शून्यावर आले म्हणजे ते सुस्तावले असे नव्हे. रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायला सुरुवात केली. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गविरहित गाडी याच विचारातून निघाली. लाकडी बाकावर रात्र काढून सकाळी पाठ धरून उतरलेली माझी पिढी तो फोम विसरणार नाही, आणि तुझ्या पिढीला तो मुळात कोणीतरी आणला असेल असे सुचतही नाही. अर्थमंत्री म्हणून त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याचे पाऊल उचलले. कोकण रेल्वेसाठी जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, तेव्हा रेल्वे खाते फर्नांडिस यांच्याकडे होते आणि तिजोरी दंडवत्यांकडे. रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के भाग, आणि उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून, अशी ती रचना होती. यातील कोणत्या भागासाठी त्यांनी सभागृहात काय मागितले होते हे शोधायचे असेल तर १९७१ पासूनच्या रेल्वे अंदाजपत्रकावरील भाषणांत जा, मतांच्या यादीत जाऊ नकोस.

पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, राजापूरने त्यांना पाडले. कोकण रेल्वेची गाडी २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा ते सभागृहाचे सदस्य नव्हते. याचा अर्थ लावण्याची घाई करू नकोस. कोकणात कृतघ्नपणा झाला असे लिहिणारे पुष्कळ भेटतील; मी त्या काळी कणकवली-कुडाळ भागात हिंडलो होतो, आणि लोकांच्या बोलण्यात आदर होता, पण मत वेगळे पडणार हेही कळत होते. राजीव गांधी यांच्या हत्येनंतरच्या फेरीतील मतदान, बदलती शहरी मिळकत, मुंबईहून येणारे वारे, हे सगळे त्यात होते. त्या काळी खासदार निधीही नव्हता. तो डिसेंबर १९९३ मध्ये आला. त्यामुळे आजच्या मतदाराप्रमाणे ‘निधी किती आणला’ हा प्रश्न त्यांना विचारला गेला नाही, आणि तूही तो पाचवा रकाना म्हणून जोडू नयेस.

आता कामाचे सांगतो. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुनी कार्यवृत्ते उपलब्ध आहेत, पण तेथील शोधयंत्रावर विसंबू नकोस. नावाचे स्पेलिंग तीन-चार प्रकारे पडलेले असते. प्रत्येक अधिवेशनाचा खंड उघडून मतविभाजनाची पाने स्वतः पाहा. मतांच्या रकान्याऐवजी प्रत्येक मोठ्या विषयाला एक स्वतंत्र कागद घे आणि त्यावर क्रमाने लिही: आधी भाषण, मग दुरुस्ती, मग मत किंवा सभात्याग किंवा अनुपस्थिती, आणि पुढे तळटीप. आरंभ आणीबाणीच्या कागदापासून कर. तो तयार झाला की मला पाठव. टपालाने पाठवलास तर अधिक बरे, कारण पडद्यावरची बारीक अक्षरे आता मला लागत नाहीत आणि तळटिपा तर नेहमीच बारीक असतात.

तुझा शुभचिंतक