आधी नोंदणी, नावाचं नंतर बघू

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी तासगावात माझं लग्न झालं. नवरा जर्मनीत श्टुटगार्टला ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, इंजिनिअर आहे. रजा संपली तसा तो परत गेला आणि लग्नाची नोंदणी राहून गेली. सासूबाई म्हणतात, आधी गॅझेटमध्ये नाव बदल, नवा पासपोर्ट काढ, मग नोंदणीचं बघू. दीर म्हणतात, तोवर टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिथे होईल. जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागते का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आधी नोंदणी कर. लग्नपत्रिका, फोटो, अल्बम यावर जर्मनीचा व्हिसा मिळत नाही, विवाह नोंदणीचा दाखलाच लागतो. आपल्याकडे 1998च्या महाराष्ट्र कायद्यानुसार ही नोंदणी होते. लग्न तासगावात लागलं, तेव्हा तिथल्या नगरपरिषदेत चौकशी कर. 90 दिवस उलटले तर शुल्क थोडं वाढतं, नोंदणी अडत नाही. मात्र निबंधकासमोर नवरा-बायको दोघं आणि तीन साक्षीदार लागतात. म्हणून तो येण्याआधीच अर्ज भरून ठेव, भटजींची सही घे, साक्षीदारांना तारीख सांग. त्याची रजा हेलपाट्यांत जायला नको.

अर्जातली स्पेलिंगं पासपोर्ट समोर ठेवूनच लिही. पूनम दोन ‘ओ’नी की ‘यू’नी, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, एवढ्याशा फरकावरून फाइल अडकलेली मी पाहिली आहे. दाखला फक्त मराठीत मिळाला तर अधिकृत भाषांतर करून घे.

नाव बदलायलाच हवं असं कुठलाही कायदा सांगत नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला, एवढ्यावर पत्नी म्हणून अर्ज करता येतो. तुझी पदवीही माहेरच्याच नावावर असणार. जर्मनीत नोकरी शोधताना पदवी एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा असला की प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावं लागेल. सासूबाईंना हे शांतपणे समजावून सांग. त्यात त्यांचा अवमान नाही.

दिरांचा सल्ला ऐकू नकोस. टुरिस्ट व्हिसा 90 दिवसांपुरता असतो, तो तिथे जाऊन कुटुंबाच्या परवान्यात सहसा बदलून मिळत नाही. इथूनच दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज कर.

ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला ए-1, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेची अट नाही. तरीही शीक, अगदी आजपासून. पत्नी म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर तुला तिथे नोकरी करायची पूर्ण मुभा आहे, आणि भाषेवाचून ती मुभा कागदावरच राहते. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात वर्ग चालतात, ऑनलाइनही शिकता येतं.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, पण परदेशी निघालेल्या प्रत्येक मुलीला मी ती सांगते. तुझा परवाना सुरुवातीला या लग्नाशी बांधलेला असेल. तिथे तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावरच लग्न मोडलं तरी स्वतःच्या हक्कानं राहता येतं. घरात मारहाण, छळ झाला तर तीन वर्षांची अट कायद्यानं शिथिल होऊ शकते, म्हणजे परवान्याच्या भीतीनं सोसत राहायचं कारण नाही. तुझा संसार सुखाचाच होवो. पण पासपोर्ट, मूळ दाखला आणि परवाना तुझ्याच ताब्यात ठेव, स्कॅन प्रती आईकडे पाठव आणि जर्मनीतला महिला मदतीचा 116016 हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेव. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, इंग्रजीतही बोलता येतं.